रांगेच्या शेवटी उभी असलेली मुलगी

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची. वय ३८, एका पतसंस्थेत नोकरी. सहा वर्षांपूर्वी मुलीला कराटेच्या क्लासला सोडायला जायचे आणि तासभर बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायचे. सर एकदा म्हणाले, नुसत्या बसता कशाला, रांगेत उभ्या राहा. राहिले. मुलीने दोन वर्षांत सोडलं, माझं चालूच राहिलं. आता ब्राऊन बेल्ट आहे, पहिला क्यू, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीची शेवटची पायरी. ब्लॅक बेल्टची परीक्षा डिसेंबरात द्यायची आहे. जूनपासून लहानांची बॅच मी घ्यावी असं सरांनी सांगितलंय. सहा ते नऊ वर्षांची बावीस मुलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही. ब्लॅक बेल्ट नसताना मी कोण शिकवणारी? बाळंतपणापासून कंबर धरते, लाथ कमरेच्या वर जात नाही. एक पालक माझ्यासमोरच म्हणाले, सर शिकवणार नसतील तर पूर्ण फी कशाला? माझा स्वतःचा सराव बुडेल ते वेगळंच. आणि मुलांनी मला हाक काय मारायची? मागच्या महिन्यात सर गावाला गेले तेव्हा चार दिवस मी बॅच घेतली. बाकी ठीक झालं, पण त्यात सात वर्षांची एक मुलगी आहे. रांगेच्या शेवटी उभी राहते, सगळं बरोबर करते आणि किआय, म्हणजे वाराबरोबरची आरोळी, आला की ओठ मिटून घेते. तिच्यापुढे मला काही सुचेना. सांगा, ही बॅच मी घ्यावी का?
– एक ब्राऊन बेल्ट

उत्तर :

घ्या. जूनपर्यंत थांबूही नका, मेच्या सुट्टीतच सरांच्या बाजूला उभ्या राहायला लागा.

तुमच्या पत्रात पाच शंका आहेत आणि शेवटी, जाता जाता लिहिलेली, त्या मुलीची गोष्ट आहे. शंकांबद्दल बोलूच, पण माझं उत्तर त्या गोष्टीवरून ठरलं. बावीस मुलं एका दमात ओरडतात तेव्हा हॉल दणाणून जातो. त्या दणक्यात एक मिटलेलं तोंड दिसायला नजर लागते. मला ती नजर यायला शिकवायला लागल्यावरही काही महिने गेले आणि त्यापायी एका मुलाला दुखापत झाली. तेही सांगणार आहे. पण आधी त्या मुलीबद्दल, कारण तशी मीही होते, फक्त सातच्या जागी तेवीस वर्षांची.

१९९० साल. मी मिरजेत राहायचे. डी.एड. झालं होतं, नोकरीची ऑर्डर येत नव्हती. सकाळी शिकवण्या, संध्याकाळी टायपिंगचा क्लास असं चाललं होतं. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी लाईट गेलेली होती, मी स्टेशनच्या बाजूने घरी चालत येत होते. मागून सायकल आली आणि कुणीतरी माझी ओढणी धरून खेचली. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलेलं मला आठवतंय, पण आवाज निघालाच नाही. समोरून रिक्षाचा दिवा आला म्हणून तो माणूस निघून गेला. घरी मी काही बोलले नाही. बोलले असते तर टायपिंग बंद झालं असतं. पंधरा दिवसांनी एका शाळेच्या फाटकावर कराटेच्या क्लासचा बोर्ड दिसला. खाली लिहिलं होतं, मुलींनाही प्रवेश.

हॉलला शहाबादी फरशी, जानेवारीत तळपाय बधिर व्हायचे. एकतीस जण, त्यात आम्ही दोघी मुली. गणवेश विकत घेण्याची ऐपत नव्हती, आईने मांजरपाट आणून शेजारच्या शिंप्याकडून शिवून घेतला. पहिल्याच धुण्यात तो दोन बोटं आटला. माझा डावा-उजवा गोंधळ इतका, की सरांनी डाव्या मनगटाला सुतळी बांधली. झेनकुत्सु दाचीत पुढचा गुडघा वाकवून उभं राहिलं की मांडी थरथरायची. हे सगळं मात्र मला जमत गेलं. ओई झुकीचा ठोसा, गेदान बाराईने खालचा वार अडवणं, आगे उकेने वरचा, सगळं हजारदा केलं की अंगात मुरतं आणि मला कष्टाची सवय होती. किआय तेवढा जमेना. दहाव्या आकड्याला तीस जण ओरडायचे आणि मी ओठ मिटून घ्यायचे. तीस जणांच्या आवाजात माझा नाही हे कुणाला कळणार, असं मला वाटायचं.

सरांना कळलं होतं. दोन महिने ते काहीच बोलले नाहीत. मग एक दिवस क्लास सुटताना म्हणाले, "उद्यापासून मोजणी तू करायची."

तुम्हाला माहीत आहे, तरी इतर वाचकांसाठी सांगते. कराटेच्या वर्गात एक जण जपानीत आकडे म्हणतो आणि प्रत्येक आकड्याला सगळे एक हालचाल करतात. इच, नि, सान, शि, गो, रोकु, शिचि, हाचि, कु, जू. मोजणाऱ्याचा आवाज पोचला नाही तर मागची रांग जागची हलत नाही. पहिल्या दिवशी माझ्या आकड्यांवर फक्त पहिली रांग हलली. सर स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "मला ऐकू आलं नाही." एवढंच. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रांगेपर्यंत आवाज गेला. कुणी हसलं नाही, कुणी "अगं मोठ्याने" म्हटलं नाही. सर मागे उभे राहायचे आणि आकडा कानावर पडला नाही तर हलायचे नाहीत. वीसेक दिवसांनी पूर्ण हॉल माझ्या आकड्यांवर चालू लागला आणि एका संध्याकाळी दहाव्या आकड्याला, "जू"च्या पाठोपाठ, माझा किआय आपोआप बाहेर पडला. मला त्याचा आवाज ओळखीचा वाटला नाही. त्या रात्री मी आईला स्टेशनच्या रस्त्यावर काय झालं होतं ते सांगितलं.

सरांनी मला ओरडायला शिकवलं नाही. ज्यात आवाज लागतोच असं एक काम माझ्या हातात ठेवलं आणि मागे जाऊन उभे राहिले. शिकवणं म्हणजे काय, याचा माझा पहिला धडा तोच. तो धडा होता हे कळायला मात्र मला स्वतः शिकवायला लागावं लागलं.

आता पट्ट्याचं. शोदान, म्हणजे पहिला ब्लॅक बेल्ट, या शब्दातलं पहिलं अक्षर सुरुवात या अर्थाचं आहे. आपल्याकडे कमरेला काळा पट्टा आला की शिक्षण संपलं असं समजतात, जपानीत तो शब्दच प्रवेशाचा आहे. शिवाय पट्टे मुळात कराटेचे नाहीत. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली आणि ज्युदोसाठी दानची, म्हणजे वरच्या पायऱ्यांची, पद्धत बसवली. काळा पट्टा तिथला. ओकिनावाहून कराटे टोकियोला नेणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांनी ती पद्धत कराटेत घेतली आणि आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे १९२४ मध्ये दिले. रंगीत पट्टे रूढ झाले ते युरोपातल्या ज्युदो क्लबांमधून. त्याआधी ओकिनावात, जपानच्या दक्षिणेकडच्या ज्या बेटावर कराटे जन्मलं तिथे, पिढ्यान् पिढ्या माणसं शिकली आणि शिकवती झाली, ती कमरेला कसलाही रंग न लावता. फुनाकोशी स्वतः शाळामास्तर होते. दिवसा शाळा आणि रात्री आपले गुरू आझातो यांच्या अंगणात तीच तीच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, महिनोन् महिने. १९२२ मध्ये ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. तिथे ओकिनावी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहिले, तिथली झाडलोट आणि राखणदारी केली आणि तिथेच शिकवलं. हे मी मोठ्या माणसाची महती म्हणून सांगत नाही. आपण ज्या परंपरेत उभ्या आहोत ती शाळेच्या मास्तरांनी चालवलेली परंपरा आहे, एवढं तुमच्या लक्षात यावं म्हणून सांगते. जून महिन्यात तुम्ही जी हेइआन शोदान, म्हणजे नवख्यांची पहिली काता, शिकवणार, ती तर फुनाकोशींचे दुसरे गुरू इतोसु यांनी १९०५ च्या सुमारास ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठीच बांधली. हेइआन हे नाव फुनाकोशींनी नंतर दिलेलं, आधी तिला पिनान म्हणायचे.

तेव्हा सहा वर्षांच्या मुलांना उभं राहायला, पडायला, मूठ वळायला शिकवण्याइतकं ज्ञान पहिल्या क्यूकडे आहे. जे नाही ते मान्य करा. पट्टा देण्याचा अधिकार सरांचा. परीक्षा ते घेतील, तुम्ही नाव सुचवाल. कुमितेत, म्हणजे जोडीच्या लढतीत, काही अडलं तर मुलांसमोर सरळ म्हणा, हे मी सरांना विचारून सांगते. मुलांना असं म्हणणारा मोठा माणूस फार क्वचित भेटतो.

तुमच्या कमरेबद्दल आणि लाथेबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण इथे माझी स्वतःची चूक आहे.

१९९४ मध्ये सरांची बदली चिपळूणला झाली आणि चौदा मुलांची बॅच माझ्यावर आली. मी नुकतीच, दुसऱ्या प्रयत्नात, शोदान झाले होते. माझी लाथ तेव्हा डोक्याच्या उंचीला जायची आणि मला तिचा अभिमान होता. मी ती रोज करून दाखवायचे. मुलं डोळे मोठे करून बघायची, पालक खिडकीतून बघायचे. तीन महिने मी करून दाखवत राहिले. मुलांचे गुडघे आत वळत होते, टाचा उचलल्या जात होत्या, पाठी वाकत होत्या. मला काही दिसलं नाही, कारण मी माझ्यातच होते. एक दिवस पाय फाकवून बसवलं असताना नऊ वर्षांच्या एका मुलाच्या पाठीवर मी हात ठेवला आणि "थोडं अजून" म्हणत दाबलं. तोंडाने माझी मोजणी चालली होती, नजर समोरच्या घड्याळावर. त्याने आवाज केला, तेव्हा उशीर झाला होता. मांडीच्या आतला स्नायू ओढला गेला. सहा आठवडे तो लंगडत चालला.

मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईने चहा दिला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तो तुमच्यावर रागावला नाही हो. म्हणतो, ताई माझ्याकडे बघत नव्हत्या, पुढे बघत होत्या." तो परत क्लासला आला नाही. त्या वाक्याचं मी काय केलं म्हणाल, तर तेव्हापासून आजपर्यंत मी कुठल्याही मुलाच्या पाठीवर ताण देण्यासाठी हात ठेवलेला नाही. आणि मोजणी करताना मी एका जागी उभी राहत नाही. रांगांमधून फिरते.

माझ्या गुडघ्याने पन्नाशीत दगा दिला. आता मीही कमरेच्या वर लाथ मारत नाही. माझ्या मुलांच्या लाथा मात्र या काळात जास्त स्वच्छ झाल्या. माए गेरीत, म्हणजे समोरच्या लाथेत, आधी गुडघा छातीकडे, मग पाय सुटतो, मग आला त्याच वेगाने मागे, मग जमिनीवर. उंची शेवटी येते आणि ती वयानुसार आपली आपण येते. कंबर धरणारा माणूस हे चार तुकडे सुटे करून, सावकाश दाखवतो आणि सात वर्षांच्या मुलाला तसंच दाखवावं लागतं. शिवाय ओकिनावाच्या जुन्या कातांत लाथा बहुतेक पोटापर्यंत किंवा त्याच्या खालीच आहेत. डोक्यापर्यंत जाणारी लाथ बरीच नंतरची. म्हणजे तुमची लाथ अपुरी नाही, ती जुन्या मापाची आहे. आणि परीक्षेआधी तुम्ही वयाचा हिशोब करत बसाल अशी मला शंका आहे, म्हणून सांगते. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कातेचं सुवर्ण स्पेनच्या सान्द्रा सांचेझने जिंकलं, तेव्हा ती ३९ वर्षांची होती.

वर्गात उभं राहण्याची काही कसबं मात्र शिकावी लागतील, ती रांगेत उभं राहून येत नाहीत. मुलांकडे तोंड करून उभ्या राहिलात की तुमचं डावं त्यांचं उजवं होतं, म्हणून सगळी हालचाल उलट्या अंगाने करून दाखवावी लागते. घरी आरशासमोर पंधरा दिवस हेइआन शोदान उलटी करा. सुरुवातीला चक्रावून जाल, मग बसेल. एका मुलाला एका वेळी एकच दुरुस्ती सांगा. गुडघा सांगितला असेल तर त्या दिवशी मूठ चुकली तरी राहू द्या. सहा वर्षांचं मूल एका गोष्टीत सात-आठ मिनिटांवर राहत नाही, तेव्हा खेळ, उड्या, पडण्याचा सराव आणि परत काता असं हलवत राहा. हात लावून दुरुस्त करायचं असेल तर आधी विचारा, "हात धरू का?" नाही म्हणालं तर नाही. जोडीत सराव करताना वार लक्ष्याच्या अलीकडे थांबलाच पाहिजे, चेहऱ्याला स्पर्श अजिबात नको. आणि मुठींवर जोर काढणं, कौलं फोडणं हे लहानांना करायला लावू नका, मग पालकांनी कितीही मोबाईल समोर धरू देत. त्या वयात हाडांची टोकं अजून कूर्चेची असतात, वाढ तिथूनच होते, मार तिथे बसला तर तो पुढे निघतो.

प्रवेशाच्या वेळी दमा, फिट, जुनं फ्रॅक्चर हे पालकांना विचारून वहीत लिहून ठेवा. बर्फ कुठे मिळेल ते आधी ठरवा. पक्का दात मुळासकट पडला तर तो मुळाशी न धरता उचलून दुधात टाका आणि अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोचा. माझ्या क्लासमधल्या एका मुलाचा पुढचा दात असा वाचला. डोक्याला मार लागून मूल पेंगायला लागलं किंवा ओकलं, तर वर्ग तिथेच बंद करून दवाखाना गाठा.

त्या पालकांचं वाक्य तुम्हाला लागलंय, पत्रातून कळतं. त्यांना तुम्ही उत्तर देऊ नका, ते सरांचं काम आहे. सरांना सांगा की पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या पालकांसमोर बॅच तुमच्याकडे सोपवावी आणि तो पूर्ण तास स्वतः मुलांबरोबर रांगेत उभं राहावं. मुलांबरोबर त्यांनीही तुम्हाला वाकून रे, म्हणजे नमस्कार, केला, की फीची चर्चा पुन्हा निघणार नाही. आणि फीमधला तुमचा हिस्सा ठरवून, लिहून घ्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण लहान मुलांची बॅच म्हटलं की "ताई सांभाळतील" असं गृहीत धरलं जातं, जसं घरी धरलं जातं. तुम्ही बावीस मुलांची जबाबदारी घेताय. त्याचे पैसे घेताना संकोच नको.

एक जड काम पुढे येईल, त्याची तयारी ठेवा. परीक्षेला नाव न सुचवण्याचं. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या वडिलांनी फार आग्रह केला, मावशीच्या मुलीला पट्टा मिळाला मग हिला का नाही, आणि मी तिचं नाव दिलं. ती पास झाली. पुढच्या पट्ट्याची काता तिला झेपेना आणि ज्यांच्यापुढे ती आधी होती ती मुलं तिच्या पुढे निघून गेली. तीन महिने ती रोज क्लासच्या दाराशी येऊन रडायची. तिचे वडील तेव्हा दाराशी नव्हते, मी होते.

आता तुमच्या सरावाची भीती. ती खरी आहे. पहिले दोन-तीन महिने तुमचा सराव बुडेल, कारण डोकं मुलांमध्ये असेल. म्हणून आठवड्याचे दोन दिवस सरांकडून आधीच मागून घ्या. त्या दिवशी तुम्ही फक्त विद्यार्थिनी. रांगेतल्या दुसऱ्या कुणाला दुरुस्त करायला सरांनी बोलावलं तरी जाऊ नका. डिसेंबरची परीक्षा पुढे ढकलू नका.

पण एक गोष्ट मी अनुभवाने सांगते. शिकवताना जे कळतं ते दुसऱ्या कुठल्याही सरावाने मला कळलं नाही. हेइआन शोदानच्या एकवीस हालचालींतली चौथी आठवा. उजव्या हाताची गेदान बाराई झाल्यावर पुढचा पाय मागे घ्यायचा, हात खेचून वर न्यायचा आणि मूठ हातोडीसारखी खाली आणायची. मी ती चार वर्षं करत होते. आठ वर्षांच्या एका पोराने विचारलं, "ताई, इथे हात मागे का ओढायचा?" मला उत्तर येईना. "सांगते उद्या," म्हटलं. रात्री घरी उभी राहून मी ती पन्नासदा केली आणि मग भावाला म्हटलं, माझं मनगट धर. त्याने धरलं. मी पाय मागे घेतला, हात खेचला आणि त्याची पकड अंगठ्याच्या बाजूने सुटली. सुटलेली मूठ वरून खाली येते ती त्यानंतर. धरलेला हात सोडवून घ्यायची हालचाल होती ती. मिरजेच्या त्या रस्त्यावर मला जी हवी होती, ती मी चार वर्षं रोज करत होते आणि ती तीच आहे हे मला एका मुलाने विचारल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी मी चौदाही मुलांची मनगटं एकेक करून धरली.

तुमच्या भागात तालमी आहेत, त्यामुळे हे वाक्य तुमच्या कानावर असणारच, की वस्तादाने एक डाव राखून ठेवावा. कुस्ती लढणाऱ्या पैलवानांच्या जगात त्याला काही अर्थ असेल. आपल्या कामात मला तो कधीच पटला नाही. मला जे माहीत होतं ते मी सगळं देऊन टाकलं आणि दर वेळी मुलांनी असं काही विचारलं की माझ्याकडे नवं आलं.

हाक काय मारायची? सेन्सेई या शब्दाचा मूळ अर्थ आधी जन्मलेला. तो शब्द सरांसाठी राहू द्या. वर्गात तुमच्यासाठी सेनपाई, म्हणजे या वाटेवर पुढे असलेली. मॅडम नको, त्याने मुलं शाळेतल्यासारखी गप्प होतात. चुकून ताई म्हणाली तर ओ द्या.

आणि ती मुलगी. तिला किआय करायला सांगू नका. पुढे बोलावू नका, सगळ्यांसमोर का म्हणून विचारू नका, "मोठ्याने" हा शब्द तिच्या बाबतीत वापरूच नका. तिच्या आईशी एकदा सहज बोला, शाळेत ती कशी असते, घरी गाणी म्हणते का. कदाचित ती मुळातच कमी बोलणारी असेल आणि मग घाई कसलीच नाही. पण तिच्या वागण्यात आणखी काही खटकलं, कुणाच्या जवळ जायला ती घाबरते असं वाटलं, तर मनात ठेवू नका. सरांशी बोला आणि गरज पडली तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा.

तसं काही नसेल तर आधी तिच्या शेजारच्या चौघांचा एक छोटा गट करा, बाकीच्यांना सर घेतील. त्या चौघांच्या मागे तुम्ही स्वतः उभ्या राहा, तिच्यापासून चार-पाच पावलांवर. तिचा आकडा ऐकू आला तर हला. नाही आला तर हलू नका, चेहऱ्यावर नाराजीही नको, नुसतं तयारीत थांबा. पुढच्या आठवड्यात आणखी दोन पावलं मागे जा. तिला हे का देताय ते सांगू नका. क्लास सुटताना, ती चपला शोधत असेल तेव्हा, सहज म्हणा, "उद्यापासून मोजणी तू करायची."